मित्रदेशाने दिलेली गुप्त माहिती चुकीची निघाली तर दोष कोणाचा, देणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा?

माझ्या मते वापरणाऱ्याचाच, आणि हे मी २००३ च्या इराक युद्धाआधीच्या युरेनियम प्रकरणावरून सांगतोय.

२८ जानेवारी २००३ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी अमेरिकी संसदेपुढे भाषण केलं, त्यात एक वाक्य होतं की ब्रिटिश सरकारला असं कळलंय की सद्दाम हुसेनने अलीकडे आफ्रिकेतून बरंच युरेनियम मिळवायचा प्रयत्न केला. इंग्रजीत मोजून १६ शब्द. हे वाक्य नीट बघा. आपण ऐकीव गोष्ट सांगताना शेवटी 'म्हणे' लावतो, युरेनियम मागितलं म्हणे, मग समोरच्याला लगेच समजतं की हा माणूस स्वतः खात्री देत नाहीये. इथे 'म्हणे' नव्हतं, 'कळलंय' होतं. कळलंय म्हटलं की गोष्ट खरी धरली, पण कोणाला कळलंय तर ब्रिटिशांना! म्हणजे लोकांनी विश्वास ठेवायचा राष्ट्राध्यक्षांच्या शब्दावर आणि उद्या अंगाशी आलं तर नाव लंडनचं. सगळी गोम त्या एका क्रियापदात आहे.

कारण अमेरिकेच्याच गुप्तचर संस्थेला, सीआयएला, या माहितीचा भरवसा नव्हता. ऑक्टोबर २००२ मध्ये बुश यांच्या सिनसिनाटीच्या भाषणातून त्यांनी हाच मुद्दा काढायला लावला होता, दोन मेमो पाठवले, वर सीआयएचे प्रमुख टेनेट यांनी राष्ट्रीय सुरक्षा उपसल्लागार हॅडली यांना फोन केला. तरी चार महिन्यांच्या आतच तोच मुद्दा ब्रिटिशांचं नाव लावून परत आला.

त्याच ऑक्टोबरमध्ये आफ्रिकेतल्या नायजर देशाची म्हणून काही कागदपत्रं रोममध्ये एका पत्रकाराकडून अमेरिकी दूतावासात पोचली होती, ५०० टन युरेनियमच्या सौद्याची. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हाती ती फेब्रुवारी २००३ मध्ये आली आणि लगेच उघडी पडली. त्यातल्या एका पत्रावर तारीख ऑक्टोबर २००० ची आणि सही कोणाची, तर १९८९ मध्येच पद सोडलेल्या नायजरच्या परराष्ट्रमंत्र्याची. सातबाऱ्यावर अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या तलाठ्याची सही असावी तसं हे, तलाठी ऑफिसबाहेर अर्ज लिहून देणारा माणूसही पकडेल. ७ मार्चला या संस्थेचे प्रमुख एल्बारादेई यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत कागद बनावट असल्याचं सांगितलं, आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत बगदादवर बॉम्ब पडायला लागले.

जुलैत प्रकरण पेटल्यावर ढकलाढकली सुरू झाली. व्हाइट हाउस म्हणालं भाषण सीआयएने पास केलं होतं. ११ जुलैला टेनेट यांनी चूक अंगावर घेतली, पण त्याच निवेदनात हेही सांगितलं की ब्रिटिशांना आम्ही आधीच शंका कळवली होती, त्यांनीच ती बाजूला ठेवली. लंडन म्हणालं आमची माहिती त्या बनावट कागदांवर नव्हतीच, ती वेगळी आहे, आणि ती आम्ही अमेरिकेला दाखवलेली नाही. म्हणजे ज्या माहितीचा हवाला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जगापुढे दिला ती त्यांच्या माणसांनी पाहिलेलीच नव्हती! पुढे इटलीवर संशय आला तर तिथून सांगण्यात आलं की कागद फिरवणारा दलाल फ्रेंचांसाठी काम करायचा, आणि फ्रेंच म्हणाले आम्ही तर अमेरिकेला उलट सावध केलं होतं.

दुसऱ्याने दिलेली माहिती त्याच्या परवानगीशिवाय तिसऱ्याला दाखवायची नाही हा गुप्तचर संस्थांचा नियम आहे आणि तो मला पटतो, नाहीतर कोणी कोणाला काही देणारच नाही. पण मग ज्याचा उगम दाखवता येत नाही ते युद्धाचं कारण म्हणून लोकांपुढे मांडायचं नाही, एवढं तरी पाळायला हवं होतं. आणि एक गोष्ट लपवून चालणार नाही, २००४ मध्ये ब्रिटनच्या बटलर समितीने, म्हणजे या गुप्त माहितीची चौकशी करणाऱ्या समितीने, म्हटलं की तेव्हा हाती असलेल्या माहितीवरून तो दावा साधार होता. पण त्याच वर्षी अमेरिकेच्याच तपास पथकाला इराकने १९९१ नंतर परदेशातून युरेनियम मिळवायचा प्रयत्न केल्याचा पुरावा सापडला नाही.

हे मी इतकं धरून बसलोय कारण त्याच आठवड्यात हे आपल्या दारापर्यंत आलं होतं. अमेरिका इराकसाठी भारताकडे सैन्य मागत होती, एक पूर्ण डिव्हिजन, आणि आमच्याकडे साताऱ्यात घरोघरी फौजी. माझा मामेभाऊ तेव्हा फौजेत होता, त्याची युनिट जाणार अशी गावात नुसती कुजबुज, मामी दिवसभर टीव्हीपुढून हलायची नाही. १४ जुलैला, म्हणजे टेनेट यांच्या निवेदनानंतर तीनच दिवसांनी, वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांचा आदेश नसल्याने सैन्य पाठवणार नाही असं जाहीर केलं. मामीने टीव्ही बंद केला आणि सकाळपासून तशीच पडलेली चूल पेटवली.