विचारा की! हाइझमनचा मान नेमका कुणाचा?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधल्या हाइझमन ट्रॉफीवर चार ओळी काय खरडल्या, पत्रं आणि मेसेज यायचे थांबेनात. मला वाटलेलं आपल्याकडं कोण वाचतंय हे, खरं आता गल्लीगल्लीतलं कोण ना कोण तिकडं एमएस नाहीतर नोकरीला आहे आणि तिकडचं भांडण व्हॉट्सॲपवरनं इकडं येतंयच. ज्यांना मागचा अंक मिळाला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सगळ्यात भारी खेळाडूला १९३५ पासून हा मान देतात, आणि दरवर्षी तो चुकीच्या माणसाला दिला म्हणून अर्धी अमेरिका बोंबलते. आता पत्रं घेऊया.

प्रश्न (टिळकवाडी): माझा मुलगा कोलोरॅडोत शिकूलालाय, रूममेट बॉयसीचा. २०२४ ला कोलोरॅडोच्या हंटरला हाइझमन दिला, रूममेट म्हणतो बॉयसीच्या जेन्टीला द्यायला हवा होता, तेव्हापासनं दोघं भांडूलालेत आणि व्हिडिओ कॉलवर मला पंच करतात. पैज अर्धा किलो कुंद्याची आहे आणि तो पाठवायचाही मीच. मला फुटबॉल म्हणजे लेले मैदानावरचा, पायानं खेळायचा तेवढाच माहीत. कुणाचं बरोबर?

उत्तर: काका, त्या फुटबॉलचा आणि ह्याचा नावापुरताच संबंध. लांबुळका बॉल हातात घ्यायचा आणि पळायचं किंवा पुढच्याकडं फेकायचा, चार चान्समध्ये दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्या टीमला. यार्ड म्हणजे आपला वारच, कापडाच्या दुकानातला. आणि ह्यात अटॅकचे अकरा वेगळे, डिफेन्सचे अकरा वेगळे असतात, बॉल दुसऱ्या टीमकडं गेला की सगळे अकरा बाहेर आणि नवे अकरा आत. हे डोक्यात ठेवा, कारण सगळं भांडण इथंच आहे.

बॉयसी स्टेटचा ॲश्टन जेन्टी हा रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन गर्दीत घुसायचं काम त्याचं. अख्ख्या सीझनमध्ये तो २,६०१ वार पळाला. नऊवारीच्या हिशोबात बरोब्बर २८९ लुगडी! एका सीझनचा रेकॉर्ड बॅरी सँडर्सचा, १९८८ चा, २,६२८ वार, म्हणजे पठ्ठ्याला फक्त तीन लुगडी कमी पडली. आता जेन्टीविरुद्धचे लोक म्हणतात सँडर्सनं हे ११ मॅचमध्ये केलं आणि ह्याला १४ लागल्या, शिवाय त्या काळी सीझननंतरची बोल मॅच हिशोबात धरायचेच नाहीत. बरोबर आहे. खरं दुसरी बाजू पण बघा, समोरच्या टीमला, त्यांच्या कोचला, गॅलरीत पॉपकॉर्न विकणाऱ्या पोराला सुद्धा माहीत असायचं की बॉल आता जेन्टीलाच मिळणार, तरी तो सापडायचा नाही.

आणि कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर? हा अटॅकमध्ये बॉल झेलणारा आणि डिफेन्समध्ये समोरच्या झेलणाऱ्याला अडवणारा, दोन्हीकडं. अकरा बाहेर जायचे, हा एकटा मैदानातच थांबायचा. सीझनभरात ९६ कॅच, १,२५८ यार्ड, १५ टचडाऊन, म्हणजे बॉल घेऊन समोरच्यांची शेवटची रेघ ओलांडायची, आणि वर समोरच्यांचे ४ पास मधल्यामधे पळवले. त्या वर्षी देशातल्या सगळ्यात चांगल्या झेलणाऱ्याचं वेगळं बक्षीस असतं ते त्यालाच आणि सगळ्यात चांगल्या डिफेन्सवाल्याचं वेगळं असतं ते पण त्यालाच. आपल्या भाषेत सांगायचं तर ओपनिंगला येऊन शेवटपर्यंत खेळायचं आणि लगेच पॅड काढून नवा बॉल पण आपणच टाकायचा, असं सगळा सीझनभर.

मतं पडली ती हंटरला २,२३१ पॉइंट, जेन्टीला २,०१७. म्हणजे लांबचा दुसरा नव्हता तो. तरी माझं मत विचाराल तर हंटर. जेन्टीनं जे केलं ते आधी कुणीतरी केलेलं आहे, थोडं जास्तच केलेलं आहे, हंटरनं केलं तसं आत्ताच्या काळात दुसरा कोण दाखवा की. कुंदा मुलाचा. रूममेटला नाराज करू नका, त्याला पण पाव किलो पाठवा.

प्रश्न (निपाणी): पॉइंट कोण देतं? आणि देणारे सगळ्या मॅच बघतात काय, की पेपरात वाचून शिक्का मारतात?

उत्तर: मत देणारे ८७० पत्रकार, देशाचे सहा विभाग पाडलेत आणि प्रत्येकातले १४५. त्यांच्याबरोबर हयात असलेले जुने विजेते, आणि सगळ्या पब्लिकचं मिळून एकच मत. प्रत्येकानं तीन नावं लिहायची, पहिल्याला ३ पॉइंट, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १.

सगळ्या मॅच बघतात काय, तर नाही हो, कसं बघणार. शनिवारी एका दिवसात डझनांनी मॅच असतात, आणि पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला मॅच सुरू झाली की न्यूयॉर्कात साडेदहा वाजलेले असतात, म्हातारे पत्रकार घोरायला लागलेले. आपल्याकडं तेव्हा रविवारची सकाळ असते, पोहे खात बघता येते, त्या मानानं आपणच नशीबवान. २००९ ला अलाबामाचा मार्क इंग्रम जिंकला आणि कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डचा टोबी गेरहार्ट फक्त २८ पॉइंटनी हरला, इतकं अटीतटीचं कधीच झालेलं नाही. पश्चिमेकडचे लोक अजून म्हणतात, पूर्वेकडचे जागे राहिले असते तर.

ह्यापेक्षा मला खुपतं ते वेगळंच. ही मतं डिसेंबरच्या सुरुवातीला घेऊन टाकतात, म्हणजे खऱ्या मोठ्या मॅच, बोल आणि प्लेऑफ, व्हायच्या आधी. ह्यातनं काय होतं ते मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका टेनिस बॉल टूर्नामेंटला मला मॅन ऑफ द सिरीज ठरवायच्या तिघांच्या कमिटीत बसवलं होतं. सेमीफायनल संपली न संपली तोच आयोजक आला, म्हणाला नाव आत्ताच द्या, कपावर कोरणारा सातला दुकान बंद करतो. आम्ही दिलं. चांगला पोरगा होता, चार मॅचमध्ये धडाधड रन काढलेले. कप तयार होऊन आला, नाव झकास, पेटीत लाल मखमल. दुसऱ्या दिवशी फायनलला हा पहिल्याच बॉलवर शून्यावर गेला, वर दोन सोपे कॅच सोडले, आणि समोरच्या टीमच्या कीपरनं एकट्यानं मॅच काढली. बक्षीस देताना पब्लिकनं जी शिट्टी वाजवली ती अजून कानात आहे. कीपर टाळ्या वाजवत उभा होता, हसत होता. त्याच्याकडं मला बघवलं नाही. पोरगं बिचारं कप छातीशी धरून, नाव दिसू नये म्हणून त्यावर हात ठेवून स्टेजवरनं उतरलं.

प्रश्न (खानापूर, निवृत्त शिक्षक): टीम हरत असेल तरी खेळाडूला हा मान मिळावा काय? माझ्या मते मिळावा. वर्ग नापास झाला म्हणून पहिला आलेला मुलगा पहिला राहत नाही काय?

उत्तर: सर, तुमचा दाखला एकदम फिट आहे आणि तो एकदा अमलात पण आलाय, तोही १९५६ साली. आपल्या सीमाभागात हे साल कुणाला सांगावं लागत नाही, आपण म्हैसूर राज्यात गेलो ते वर्ष. त्याच वर्षी नोत्र दाम युनिव्हर्सिटीचा पॉल हॉर्नंग हाइझमन घेऊन गेला आणि त्याच्या टीमचा हिशोब होता २ विजय, ८ पराभव! हरणाऱ्या टीमचा खेळाडू जिंकला असं ते एकदाच.

आता तुम्ही खूश व्हाल, खरं थांबा. त्याच वर्षी सिरॅक्यूजचा जिम ब्राऊन होता, पुढं जाऊन तो ह्या खेळातल्या सगळ्यात थोर लोकांत गणला गेला, आणि त्याला मतात पाचवा नंबर. पाचवा! ब्राऊन काळा होता आणि तोपर्यंत एकाही काळ्या खेळाडूला हा मान मिळालेला नव्हता, तो पहिल्यांदा १९६१ ला मिळाला, त्याच सिरॅक्यूजच्या अर्नी डेव्हिसला. तेव्हा हॉर्नंगला दिला तो वर्ग नापास असून मुलगा हुशार निघाला म्हणून दिला, की शाळेचं नाव मोठं म्हणून दिला, की दुसऱ्या मुलाचा पेपर कुणी नीट तपासलाच नाही? मला तिसरंच जास्त वाटतं. पेपर तपासायचा अनुभव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त, तुम्हीच सांगा.

प्रश्न (येळ्ळूर): मी तालमीतला माणूस. यूट्यूबवर बघितलं, पुढं लाइनीत अंगानं दणकट गडी एकमेकाला भिडतात ती तर सरळ कुस्तीच आहे की. त्यांच्यातल्या कुणाला कधी मिळालंय काय हे?

उत्तर: नाही वस्ताद. त्या गड्यांना लाइनमन म्हणतात, त्यांनी वाट करून दिल्याशिवाय जेन्टी असो नाहीतर बॅरी सँडर्स, चार पावलं पळू शकत नाही. खरं त्यांच्या नावावर ना यार्ड ना टचडाऊन, त्यामुळं मत द्यायला बसलेल्या माणसासमोर आकडाच नसतो. १९७३ ला ओहायो स्टेटचा जॉन हिक्स दुसरा आला, बॉल न झेलणारा, नुसती वाट करून देणारा लाइनीतला गडी त्याच्या पुढं गेलेला नाही. डिफेन्सवाल्यांचंही जवळपास तसंच, मुख्यतः डिफेन्स खेळणाऱ्याला एकदाच मिळाला, १९९७ ला मिशिगनच्या चार्ल्स वुडसनला, आणि त्यानं टेनेसीच्या पेटन मॅनिंगला मागं टाकलं म्हणून तिकडचे लोक अजून त्याच्या नावानं बोटं मोडतात. २००० ते २०२३ ह्या २४ वर्षांत २० वेळा हा मान क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला गेलाय. तुम्ही म्हणाल मग हा खेळाडूचा मान की फेकणाऱ्याचा. मी पण तेच म्हणतो.

प्रश्न (शहापूर): नातू तिकडं हायस्कूलच्या टीमसाठी ट्राय करूलालाय. आमचं आडनाव तिकडच्यांच्या जिभेवर बसत नाही. उद्या मोठा खेळाडू झाला तर ह्या असल्या मानासाठी अडचण होईल काय? आणि प्रचार वगैरे करावा लागतो म्हणे?

उत्तर: आजी, प्रचार तर जोरात चालतो. २००१ ला ओरेगननं त्यांच्या जोई हॅरिंग्टनचं दहा मजली पोस्टर न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरजवळ लावलं, अडीच लाख डॉलर घालून. आपल्याकडच्या बर्थडे फ्लेक्सवाल्यांनी मान खाली घालावी असं. पठ्ठ्या चौथा आला.

आडनावाची गोष्ट तर ह्याहून भारी. नोत्र दामला जो थीझमन नावाचा क्वार्टरबॅक होता, घरात सगळे थीझमनच म्हणायचे. कॉलेजच्या प्रसिद्धीवाल्यांच्या डोक्यात आलं की ह्याला थाइझमन म्हटलं तर हाइझमनशी यमक जुळतंय, आणि केलं की बदलून! १९७० ला तो मतांत दुसरा आला, स्टॅनफर्डचा जिम प्लंकेट जिंकला, आणि हा गडी आजतागायत थाइझमनच आहे.

तेव्हा तुमचं आडनाव आहे तसंच राहू दे. आधी नातवाला टीममध्ये जागा तर मिळू दे, मग यमक बघू.