विचारा बिनधास्त : गाण्यांच्या फाइल विकत घ्यायच्यात, स्वस्तात कुठे?

प्रश्न : ताई, मला स्ट्रीमिंगवर गाणी नको, स्वतःची फाइल हवी, नेट नसलं तरी वाजली पाहिजे. पण तोच अल्बम एका साइटवर एका भावाला आणि दुसरीकडे जवळपास दुप्पट, हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर : आधी बघा तो खरंच तोच अल्बम आहे का, कारण बऱ्याचदा नसतो. एकीकडे एमपीथ्री, दुसरीकडे फ्लॅक, तिसरीकडे २४ बिटचं हायरेझ, म्हणजे सीडीपेक्षाही बारीक तपशिलात साठवलेलं, शिवाय डीलक्स एडिशन म्हणून चार जास्तीची गाणी चिकटवलेली, आणि कव्हर मात्र सगळीकडे सारखंच. फ्लॅकमध्ये सीडीवरचं सगळं असतं, काहीही न कापता, फक्त जागा कमी लागते. एमपीथ्रीत काही भाग कायमचा उडवलेला असतो, तरी ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिट) असली तर साध्या हेडफोनवर फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही. हायरेझसाठी जास्तीचे पैसे? माझं मत विचाराल तर नका देऊ. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (४४.१ किलोहर्ट्झ) घेतलेले असतात, त्यात २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज आरामात बसतो, आपला कान साधारण तिथपर्यंतच ऐकतो आणि वय वाढलं की तेवढंही नाही. मास्टरिंग, म्हणजे गाण्याच्या आवाजावरचा शेवटचा हात, वेगळं आणि चांगलं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ते पैसे मास्टरिंगचे झाले, बिटचे नाहीत.

आता भाव. ॲपलचं गाणी विकणारं आयट्यून्स स्टोअर २००३ मध्ये सुरू झालं तेव्हा अमेरिकेत सरसकट ९९ सेंटला एक गाणं होतं, २००९ पासून ६९ सेंट, ९९ सेंट आणि १.२९ डॉलर असे तीन भाव झाले, म्हणजे चालणारं गाणं महाग. त्यामुळे तीन-चारच गाणी आवडत असतील तर सुटी घ्या, अर्ध्याहून जास्त हवी असतील तर आधी बेरीज करून अल्बमच्या भावाशी ताडून बघा. आणि सुटी घेतल्यावर पूर्ण अल्बम घ्यावासा वाटला तर आयट्यून्सवर आधी दिलेले पैसे वजा करून उरलेला अल्बम देण्याची सोय असते, ती बरेच जण वापरतच नाहीत.

कलाकार बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार आपली गाणी थेट विकतात त्या साइटवर, असेल तर आधी तिथे बघा. भाव कलाकार किंवा लेबल (रेकॉर्ड कंपनी) ठरवतं, कधी कधी 'वाटेल ते द्या' असंही असतं, अगदी शून्यसुद्धा चालतं. विकत घेतल्यावर एमपीथ्री घ्या नाहीतर फ्लॅक, पैसे तेवढेच! काही कलाकार सगळे अल्बम एकदम घेतले तर घसघशीत सूट देतात, ती शोधा. तिथले 'बँडकॅम्प फ्रायडे' २०२० पासून आहेत, पण त्या दिवशी तुम्हाला स्वस्त मिळत नाही हं, साइट आपला वाटा सोडते आणि तो कलाकाराला जातो. आणि हो, जुन्या अल्बमची सेकंडहँड सीडी कित्येकदा डाउनलोडपेक्षा स्वस्त पडते, घरी रिप केली, म्हणजे सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर फाइल म्हणून उतरवली, की फ्लॅक तुमचाच, फक्त अशी कॉपी काढायला आपल्या देशातला कायदा परवानगी देतो का ते बघून घ्या.

प्रश्न : एका साइटवर अख्खा नवा अल्बम एका गाण्याच्या भावात मिळतोय, आधी वॉलेटमध्ये पैसे भरायचे म्हणतात. घेऊ का?

उत्तर : नको. रशियातली ऑलऑफएमपीथ्री नावाची साइट अशीच होती, गाणी चक्क मेगाबाइटवर विकायची, रेकॉर्ड कंपन्यांनी तिला कधीच मान्यता दिली नाही, २००६ मध्ये व्हिसा-मास्टरकार्डने तिचे पेमेंट घेणं थांबवलं आणि २००७ मध्ये ती बंद पडली. अशी साइट बंद झाली की वॉलेटमधले पैसे कुणाकडे मागणार? लेबल किंवा कलाकाराच्या स्वतःच्या साइटवरून त्या दुकानाची लिंक आहे का बघा, नसेल तर सोडून द्या.

प्रश्न : २००६ साली आयट्यून्सवर घेतलेली गाणी नव्या प्लेयरवर वाजत नाहीत. परत विकत घ्यावी लागणार?

उत्तर : घाई करू नका. त्या काळच्या फाइलना दुसऱ्या प्लेयरवर वाजू नये म्हणून कुलूप असायचं, ते २००९ मध्ये काढलं. फाइलच्या नावाशेवटी एमफोरपी (.m4p) असेल तर तीच भानगड. जुन्या अकाउंटने लॉगिन करून खरेदीच्या यादीतून परत डाउनलोड करून बघा, गाणं अजून दुकानात असेल तर बिनकुलपाची फाइल मिळू शकते. ते गाणं यादीतूनच गायब असेल तर कॉम्प्युटरवरून ऑडिओ सीडी बर्न करा, त्याला तेव्हाही परवानगी होती, आणि मग तीच सीडी रिप करा. नव्या फाइल आल्या की लगेच दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा, कारण गाणं दुकानातून काढलं गेलं तर परत डाउनलोड होईलच असं नाही.