‘विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्या उपदेशाचं काय करायचं?

प्रश्न: सलाम. आमच्या मंडळीतली (चर्चमधली) एक तरुण बाई कॅन्सरने गेली. पुढच्याच रविवारी बाहेरून आलेल्या उपदेशकांनी सांगितलं की विश्वास पक्का असता तर ती बरी झाली असती. तिचा मुलगा दुसऱ्या बाकावर बसला होता हो. आता महिला मंडळाच्या सभेत मला बोलायचंय. दुःखाबद्दल जास्त बोललं तर लोकांची आशा जाते असं सगळे म्हणतात. काय बोलू? – एक वाचक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर: ताई, सलाम. आधी हे सांगते की त्या दिवशी जे बोललं गेलं ते चुकीचं होतं, आणि ते बायबलवरूनच दाखवता येतं. जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, कोणाचंच नाही (योहान ९). बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर सगळं बरं होतं, बोलायला लागले, हे तुझ्याच पापामुळे म्हणाले, आणि बिघडलं, आणि शेवटी देवाने ईयोबालाही खडसावलं खरं, पण देवाचा राग पेटला तो या मित्रांवर.

आणि आशा जाते हे मला अजिबात पटत नाही. बायबलमधलं स्तोत्र ८८ सभेत मोठ्याने, शेवटपर्यंत वाचा. शेवटच्या ओळीत अंधारच आहे, पुढे काही नाही, आपण उपदेश करताना घाईघाईने जो गोड शेवट जोडतो तसला एकही शब्द नाही. पण पहिल्या ओळीत तो माणूस देवाला ‘माझ्या तारणाच्या देवा’ म्हणतो, म्हणजे तक्रार करतोय ती त्याच्याकडेच, पाठ फिरवून नाही. मला तरी आशा तिथेच दिसते. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला माहीत होतं तरी त्याच्या बहिणीला, मरियेला, रडताना बघून येशू रडला, मग आपल्याला पुनरुत्थानाची एवढी घाई कशाला? प्रेषित पौलानेही थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला रडू नका असं नाही लिहिलं, आशा नसलेल्यांसारखं रडू नका असं लिहिलंय.

आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई. आईवडील दुष्काळात गेले, १८८० ला भाऊ, १८८२ ला नवरा, आणि १९२१ मध्ये मनोरमा, एकुलती एक मुलगी. त्यांचा विश्वास कमी होता असं त्यांच्या मुक्ती मिशनच्या केडगावात जाऊन म्हणायची कोणाची हिंमत आहे? मुलगी गेल्यावरही त्या बायबलच्या भाषांतराचं काम करतच राहिल्या, १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतः जाईपर्यंत.

सभेत ‘ती का गेली ते मला माहीत नाही’ हे सरळ बोला, लोकांना चालतं. नंतर पुनरुत्थानाबद्दल बोला, पण बरं होण्याची गॅरंटी देऊ नका, कारण तसं वचन कुठे दिलेलंच नाहीये. आणि सभेची वाट न बघता आधी त्या मुलाच्या घरी जाऊन या, त्याला स्पष्ट सांगा की आईचा विश्वास कमी नव्हता. पाळकसाहेबांना सोबत न्या, मंडळीच्या वतीने हे त्यांनीही त्याला सांगायला हवं.