दोन नंबरची डिस्क ओढून काढू का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, त्रिमूर्तीनगरात राहतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा मला लहानपणापासून नाद. वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे मंडळींनी परवानगी दिली तेव्हा तेव्हा नाटकं कॅमेऱ्यात घेतली. आईच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर होत्या, त्याही संगणकावर उतरवल्या. हे सगळं, घरची लग्नं आणि नातवाचे सिनेमे चार डिस्कच्या एनएएस पेटीत (घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी) आहे. चारही डिस्क ४ टीबीच्या, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या. पाच वर्षं होतील. चारही मिळून एक संच, म्हणजे रेड-५, करून दिलं आहे, एक डिस्क गेली तरी काही होत नाही असं तेव्हा सांगितलं होतं. गेल्या आठवड्यापासून पेटी सारखी बीप करून राहिली. दोन नंबरच्या डिस्कचा दिवा नारिंगी झाला आणि तिच्यापुढे ‘गंभीर’ लिहून येते. तीन नंबरपुढे ‘इशारा’ आहे. पुण्याहून मुलगा म्हणतो, ‘बाबा, दोन नंबरची ओढून काढा, नवीन लावा, पुढचं पेटी स्वतः करते.’ नवीन डिस्क आणून ठेवली आहे. काढू का?

उत्तर : गुरुजी, आज काढू नका. तीन नंबरची डिस्क ठणठणीत असती तर मुलाचाच सल्ला मी दिला असता. पण तुमच्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य दोन नंबरचं नाही, तीन नंबरचं आहे.

रेड-५ मध्ये तीन डिस्कइतका मजकूर असतो आणि एका डिस्कइतक्या जागेत त्याचा हिशेब, चारही डिस्कवर आळीपाळीने वाटलेला. तीन आकडे आणि त्यांची बेरीज चार जणांकडे दिली, तर एक जण गेला तरी त्याचा आकडा उरलेल्यांवरून काढता येतो. दोघे गेले की नाही काढता येत. नवीन डिस्क लावल्यावर पेटी रीबिल्ड करते, म्हणजे हेच गणित पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा मजकुराचा छोटा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत करत जाते आणि त्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क पूर्ण वाचते. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी ४ टीबीला जवळजवळ साडेसात तास होतात. पेटी वापरात असेल तर याहून कितीतरी जास्त. इतका वेळ एकसारखं काम तुम्ही त्या तीन नंबरच्या डिस्ककडून करून घेणार, आणि तेही तिची चूक भरून काढणारं दुसरं कुणी नसताना.

म्हणून आधी पेटीच्या स्टोरेज मॅनेजरमध्ये तीन नंबरची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, उघडा. लांबलचक तक्ता येईल, त्यातल्या थोड्याच ओळी बघायच्या. क्रमांक ५ म्हणजे खराब ठरवून राखीव जागेवर हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे असे सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. पाचव्या ओळीत लहानसा आकडा असून तो महिनोन्‌महिने स्थिर असेल तर डिस्क काही काळ चालते. १९७ मध्ये शून्याखेरीज काहीही असेल, तर त्या जागेवरचा मजकूर आज वाचता येत नाही असं समजा. गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्क तपासून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. तपासणीत पहिली त्रुटी सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट, असं त्यांना आढळलं. त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट होती: बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त, ५६ टक्के, अशा होत्या की त्यांच्या महत्त्वाच्या चार नोंदींमध्ये आधी काहीच दिसलं नव्हतं. तेव्हा तुमच्या एक आणि चार नंबरचे हिरवे दिवे बघून निश्चिंत होऊ नका. चौघींचं वय एक, चौघींनी सोसलेला उन्हाळा एक.

आता दोन नंबर का काढायची नाही ते. पेटीवर ‘डिग्रेडेड’ (म्हणजे एक डिस्क संचाबाहेर पडली) असं लिहून येत नसेल, तर ती डिस्क आजारी असूनही संचात काम करते आहे. तीन नंबरचा एखादा सेक्टर वाचला गेला नाही, तर पेटी एक, दोन आणि चारवरून तो मजकूर पुन्हा तयार करते. दोन आणि तीन दोन्ही खराब असल्या तरी दोघींची नेमकी एकच जागा खराब असणं क्वचित घडतं. दोन नंबर ओढून काढली, की तीन नंबरच्या प्रत्येक खराब जागेमागचा आधार तुम्ही स्वतःच्या हाताने काढून घेतला.

आणलेली नवीन डिस्क पेटीत घालू नका. यूएसबी डॉक मिळतो, त्यात ती लावा आणि तिच्यावर नक्कल सुरू करा. त्याआधी मोबाइलचे फोटो आपोआप पेटीत जात असतील, दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण जात असेल, ते सगळं थांबवा. पेटी उगाच बंद-चालू करू नका; म्हाताऱ्या डिस्क पुन्हा फिरायला लागताना अडतात. ‘डिग्रेडेड’ आलेलं असेल तरीही आधी नक्कलच. नक्कल करताना एखादी फाइल वाचली नाही तर तेवढी एक जाते, बाकीचं उतरतं. रीबिल्ड मात्र वाटेत अडकलं की काही पेट्या अख्खा संचच बंद करून टाकतात.

क्रम मी सांगते, तुम्ही बदलू नका. पहिल्यांदा ओव्या. कॅसेटचा एक तास न दाबता ठेवला तरी सहाशे एमबीच्या आसपास भरतो, त्यामुळे सगळ्या ओव्या थोड्या वेळात उतरतील. मग नाटकं. मग लग्नं. सिनेमे शेवटी, आणि जागा उरली तरच. ते बाजारात पुन्हा मिळतात. दिवाळीनंतर सुरू होऊन होळीपर्यंत चालणारा झाडीपट्टीचा हंगाम, रात्रभराचा प्रयोग, त्या रात्रीचे ते नट: त्या प्रयोगाची दुसरी प्रत बहुधा त्या मंडळीकडेही नसेल. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या लोकांनी झाडीपट्टीकडे मान वळवून बघितलं. तुम्ही तर त्याआधीपासून हे जपून राहिला आहात. म्हणून मी इतकी आग्रहाने लिहिते आहे.

नक्कल झाली की ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून फाइली उघडून बघा. नुसती नावं दिसणं पुरेसं नाही. ओवी मधूनच वाजवून बघा, नाटकाचा तिसरा अंक लावून बघा. ओव्या आणि नाटकांची आणखी एक प्रत मुलाकडे पुण्याला पाठवा. रेड-५ एक डिस्क गेली तर पेटी चालू ठेवतं, एवढंच त्याचं काम. नातवाने चुकून फोल्डर पुसलं, खंडणी मागणारा व्हायरस आला, पेटीच चोरीला गेली, तर ते काही करू शकत नाही.

एवढं झाल्यावर दोन नंबर बदलायला हरकत नाही, त्यासाठी वेगळी डिस्क आणा. काढायच्या आधी पडद्यावर तिचा सीरियल नंबर बघून कागदावर लिहा आणि काढल्यावर स्टिकरशी ताडून बघा. काही पेट्या खाने एकपासून मोजतात, काही शून्यापासून. चांगली डिस्क ओढली गेल्याने बुडालेले संच मी पाहिलेले आहेत. रीबिल्ड पूर्ण झालं, पेटीने ‘सर्व ठीक’ म्हटलं, की मग तीन नंबर. दोन्ही एकदम कधीच नाही. आणि रीबिल्ड मधेच अडलं तर घाबरू नका. नव्या डिस्क घालून संच नव्याने करायचा आणि नक्कल परत भरायची.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात डिस्कचं तापमान ५२ दाखवते. पेटी हॉलमधल्या कूलरसमोर ठेवली तर चालेल का? — एक गृहिणी, वर्धमाननगर

उत्तर : कूलरसमोर नको. त्या झोतात ओलावा असतो, आणि पाणी बोअरचं असेल तर बारीक थेंबांबरोबर क्षारही जातात. ते सर्किटवर बसतात. घरगुती एनएएसच्या डिस्कना कंपन्या साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंत चालवायची मुभा देतात, त्यामुळे ५२ ला डिस्क लगेच मरणार नाही. पण तीन वर्षांपुढच्या डिस्कना सततची उष्णता बाधते, म्हणून ४५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. पेटी माळ्यावरून किंवा बंद कपाटातून खाली आणा. गच्चीलगतच्या खोलीत ठेवू नका, मागचा पंखा ब्रशने साफ करा, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. एवढ्यानेही बराच फरक पडतो. दुपारी वापर नसेल तर पेटीची मोठी कामं रात्री लावा.

एकच आकडा बघून निर्णयही घेऊ नका. मे २०२४ च्या अखेरीस आपल्या नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर कळलं की संवेदक नीट काम करत नव्हता. चार डिस्कपैकी एकच फार तापलेली दिसत असेल तर तिची जागा बदलून बघा. आकडा डिस्कबरोबर गेला तर दोष डिस्कचा, जागेवरच राहिला तर हवा तिथे पोचत नाही.

पावसाळ्याआधीच्या वादळांत वीज लुकलुकते, त्यासाठी पेटीला छोटा यूपीएस हवाच. यूपीएसची यूएसबी तार पेटीला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की पेटी स्वतः नीट बंद होते. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर निदान त्याचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा.

प्रश्न : माझ्या डिस्कचा १९९ नंबरचा आकडा वाढतो आहे. दुकानदार म्हणतो डिस्क बदला. — फोटोग्राफर, सदर

उत्तर : आधी केबल बदला. १९९ ही डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या तारेवर मजकूर बिघडल्याची नोंद आहे. चकतीच्या आरोग्याशी तिचा बहुतेक वेळा संबंध नसतो. नवीन साटा केबल घट्ट बसवा आणि आजचा आकडा लिहून ठेवा. तो कधी कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. आठ दिवसांत थांबला तर पैसे वाचले. तरीही वाढत असेल तर पोर्ट आणि पॉवर सप्लाय तपासा.

प्रश्न : जुनी डिस्क टकटक आवाज करते, उघडत नाही. शेजारचे काका म्हणतात, पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, मग चालते. — विद्यार्थिनी, महाल

उत्तर : ठेवू नकोस. आणि आत्ता, हे वाचता वाचताच, तिची तार काढ. वाचणारं हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. टकटक म्हणजे बहुतेक वेळा ते हेड आपली जागा शोधतं, सापडत नाही, परत जातं. प्रत्येक प्रयत्नात चकतीवर ओरखडा उठू शकतो, आणि ओरखड्याखालचा मजकूर कुणालाच परत आणता येत नाही. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर आपल्या हवेत दव धरतं, ते आतही धरू शकतं. घरी झाकण उघडणंही तसंच. धुळीचा एक कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. दुरुस्तीसाठी म्हणून विंडोजमधलं चेकडिस्कही चालवू नकोस. ते मजकूर वाचवत नाही, फाइलींची नोंदवही दुरुस्त करतं, आणि आजारी डिस्कवर लिहायला लागतं.

डेटा काढून देणाऱ्याकडे जाताना चार प्रश्न विचार : झाकण उघडायची वेळ आली तर धूळमुक्त कक्ष आहे का, नुसत्या तपासणीचे पैसे किती, काहीच निघालं नाही तर पैसे द्यावे लागतात का, आणि डिस्क दुसऱ्या शहरात पाठवणार का. उत्तरं पावतीवर लिहून घे. कोणते फोल्डर सर्वांत गरजेचे ते कागदावर देऊन ठेव, म्हणजे डिस्क थोडाच वेळ चालली तरी आधी ते निघतील.

प्रश्न : नवीन चार डिस्क घ्यायच्या आहेत. स्वस्तातल्या चालतील का? वापरलेल्या मिळतात त्या कशा? — नोकरदार, मानेवाडा

उत्तर : खोक्यावरचं नाव सोडा, मॉडेल नंबर शोधून ती डिस्क सीएमआर आहे की एसएमआर ते बघा. सीएमआरमध्ये मजकुराचे पट्टे शेजारी-शेजारी असतात, एसएमआरमध्ये ते एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एकदा लिहून ठेवायला ती चालते, पण रीबिल्डमध्ये तिचा वेग इतका पडतो की तासांचं काम दिवसांवर जातं. रेडसाठी सीएमआरच घ्या.

साध्या डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये आणखी एक अडचण आहे. खराब सेक्टर लागला की ती बराच वेळ पुन्हा पुन्हा वाचत बसते, आणि तेवढ्यात पेटीला वाटतं डिस्क मेली, ती तिला संचाबाहेर काढते. एनएएससाठीच्या डिस्क सात सेकंदांच्या आसपास प्रयत्न थांबवून ‘वाचता येत नाही’ असं कळवतात आणि पेटी बाकीच्यांकडून मजकूर काढते. जास्तीचे पैसे यासाठी द्यावेत असं माझं मत आहे.

दोन डिस्क एका दुकानातून आणि दोन दुसऱ्याकडून घ्या, जमलं तर महिनाभराच्या अंतराने, म्हणजे सगळ्या एकाच घाण्यातल्या येणार नाहीत. वापरलेली घ्यायचीच असेल तर पैसे देण्याआधी स्मार्टमधली ९ क्रमांकाची ओळ बघा. डिस्क किती तास चालली ते तिथे असतं. वर्षाचे तास ८,७६० होतात, त्यावरून तिचं वय कळेल. आकडा शून्याजवळ असूनही डिस्क वापरलेली म्हणून विकत असतील तर नोंद पुसलेली असण्याचा संभव आहे, ती घेऊ नका. नवी असो की जुनी, पेटीत घालण्याआधी ‘लाँग टेस्ट’ चालवा, एकदा पूर्ण भरून परत वाचून बघा, आणि ५, १९७, १९८ या ओळी शून्यावरच आहेत ना ते पाहा. मोठ्या डिस्कला यात दोन-तीन दिवसही जातात. तोवर तिच्यावर घरचं काही ठेवू नका.