रेनमीटर फुकट असताना टास्कबारच्या सॉफ्टवेअरला पैसे का मोजायचे?

तुमचं निपाणीत डीटीपीचं दुकान, दिवसभर मराठी, कन्नड आणि इंग्रजी आलटून पालटून. चालू कीबोर्ड कुठला ते ठळक दाखवणारी पट्टी हवी आणि विंडोज ११चा टास्कबार मनासारखा हवा. 'रेनमीटर फुकट मिळतंय की, मग पैसे कशाला? भाचा कोडिंग शिकलाय, तो करील का?' असं विचारलंय. (रेनमीटर म्हणजे डेस्कटॉपवर घड्याळं, पट्ट्या वगैरे दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर.)

पट्टी भाचा करील. टास्कबारच्या वाटेला त्यानं जाऊ नये.

पट्टीसाठी दर २०० मिलिसेकंदांनी तीन गोष्टी विचारायच्या: समोर कुठली विंडो आहे, तिचा थ्रेड (प्रोग्राममधला चालू कामाचा धागा) कुठला, आणि त्या थ्रेडचा कीबोर्ड कुठला. शेवटच्या उत्तरातले खालचे १६ बिट म्हणजे भाषेचा क्रमांक. मराठी ११०२, कन्नड १०९९, अमेरिकन इंग्रजी १०३३. नवखा माणूस थ्रेडच्या जागी शून्य देतो, म्हणजे स्वतःच्याच प्रोग्रामचा कीबोर्ड विचारतो, आणि पट्टी एकाच भाषेवर अडकून बसते. पट्टीवर चुकून क्लिक झालं तरी फोकस तिच्याकडे जाता कामा नये. विंडो 'नो-ॲक्टिव्हेट' ठेवायची. एक मर्यादा मात्र राहणारच: नुडी किंवा श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं कीबोर्ड इंजिन वापरत असाल तर विंडोजच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप करताय, आणि पट्टीही तेच सांगणार.

पट्टीवर लिहिताना अक्षरं एकेक करून काढायची नाहीत, अख्खा शब्द एकदम द्यायचा. नाहीतर 'कर्नाटक'मधला रफार सुटतो. उंची सढळ ठेवा. 'कन्नड' हा शब्द कन्नड लिपीत लिहिला की दुसरा न खाली लोंबतो आणि इंग्रजीच्या मापानं केलेल्या पट्टीत नेमका तोच कापला जातो. निर्मला यूआय फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या आहेत. स्क्रीन १२५ टक्क्यांवर असेल तर मोजमाप ९६ऐवजी १२० डीपीआयनं (इंचाला १२० ठिपके) करायचं. हे प्रोग्रामनं स्वतः हाताळलं नाही तर विंडोज चित्र ताणतं आणि अक्षरं धुरकट दिसतात.

टास्कबारचं गणित वेगळं. विंडोज ११मध्ये तो नव्यानं लिहिला गेला आणि जुन्या बऱ्याच सोयी गेल्या. त्या परत आणणारी सॉफ्टवेअरं बहुतेक वेळा एक्सप्लोररच्या (डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रामच्या) पोटात आपली डीएलएल, म्हणजे कोडची फाइल, घुसवतात आणि आतली फंक्शनं अडवतात. ही फंक्शनं कुठे कागदोपत्री नोंदलेली नाहीत, अपडेटमध्ये त्यांची जागा कधीही सरकते. सरकली की एक्सप्लोरर पडतो, उठतो, पुन्हा पडतो आणि डेस्कटॉपच गायब. (तेव्हा कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून त्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा अनइन्स्टॉलर चालवून ते काढा.) विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीत डेस्कटॉपमागच्या विंडोंची रचनाच बदलली, तेव्हा हलते वॉलपेपर दाखवणारे कितीतरी प्रोग्राम बंद पडले. रेनमीटर स्वतःच्या विंडो काढतं, एक्सप्लोररच्या आत शिरत नाही, म्हणून ते अशा भानगडीतून बरंचसं वाचतं. शिवाय त्याचा सोर्स खुला आहे.

म्हणजे पैसे जातात ते सजावटीसाठी नाही, तर दर महिन्याच्या दुरुस्तीसाठी. त्यात सॉफ्टवेअरवर डिजिटल सही करायला लागणाऱ्या सर्टिफिकेटचा वारंवारचा खर्च. सही नसलेला इन्स्टॉलर उघडला की विंडोजचा पहारेकरी स्मार्टस्क्रीन हटकतो. जून २०२३पासून या सहीची चावी हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते. एकट्यानं फुकट चालवलेलं असं सॉफ्टवेअर बहुधा कंटाळ्यानं मरतं. क्रॅक केलेली प्रत तर नकोच. अनोळखी माणसाची डीएलएल एक्सप्लोररमध्ये बसवणं म्हणजे गिऱ्हाइकांच्या सगळ्या फाइली त्याच्या हवाली करणं.

स्टार्ट११ हे टास्कबारचं विकत मिळणारं सॉफ्टवेअर घ्या किंवा दुसरं काही, आधी बदलांची यादी वाचा: गेल्या मोठ्या अपडेटनंतर दुरुस्ती किती दिवसांत आली? लायसन्स किती मशिनवर चालतं आणि फॉरमॅटनंतर पुन्हा लागतं का, हेही बघा. दुकानातली मशिनं फॉरमॅट होतातच. परदेशी विक्रेत्याच्या बिलात १८ टक्के जीएसटी धरा. नवीन कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच असतो, तो बँकेच्या ॲपमधून चालू करावा लागतो.

ट्रायल महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारच्या अलीकडे सुरू करा. मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट आपल्याकडे त्या रात्री उशिरा येते. बुधवारी सकाळी ती घालून मशिन रीस्टार्ट करा आणि टास्कबार जागेवर आहे का बघा. लग्नपत्रिकांची घाई असेल तेव्हा सेटिंग्जमधून अपडेट ५ आठवड्यांपर्यंत थांबवता येतात.