बाबा गेले, पण रडूच आलं नाही

"वडील जाऊन वर्ष होत आलं. डोळ्यांतून टिपूस नाही आला. मी इतका दगड आहे का?" असं माझ्याकडे येऊन विचारणारे बहुतेक मुलगे असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे वडील नोकरीपायी आयुष्यभर घराबाहेर राहिलेले असतात. आमच्या सातारा जिल्ह्यात हे नवं नाही. घरटी एक माणूस फौजेत, अशी गावं आहेत इथे.

वरचा प्रश्न विचारणारा हा मुलगा बँकेत आहे. (त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) वडील आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे लष्कराला रसद पोचवणाऱ्या दलात, ड्रायव्हर होते. १७ वर्षं नोकरी करून २००० साली पेन्शनवर आले आणि लगेच पुन्हा स्टेअरिंगवर बसले. दहा टायरचा ट्रक, सांगलीहून हळद भरायची आणि दिल्लीकडे निघायचं. वर्षश्राद्धाला दोन शब्द बोल, असं चुलत्यांनी सांगितलं. हा कागद घेऊन बसला, तर 'कष्टाळू, प्रेमळ, शिस्तप्रिय' याच्या पुढे काही सुचेना.

रडू न येणं हा आजार नाही, हे आधीच सांगून टाकते. झोप उडाली, कामात लक्ष लागेना, जगावंसंच वाटेना, असं होत असेल तर मात्र थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, नाहीतर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. याचं तसं काही नव्हतं.

बाबांबद्दल काय वाटतं, हे मी त्याला विचारलंच नाही. असल्या प्रश्नाला आपल्याकडचे पुरुष 'काही नाही, ठीक आहे' म्हणून मोकळे होतात. ट्रक दारात आला की घरात काय काय व्हायचं ते सांग, म्हटलं. मग गडी बोलायला लागला. आई बंब पेटवायची. बाबांच्या बनियनला हळदीचा वास, कानामागे पिवळं. आणि निघायच्या दिवशी पहाटे ते रॉडने एकेक टायर ठोकून हवा बघायचे. हा गोधडीत पडून मोजायचा. दहावा ठोका पडला की इंजिन सुरू.

"एखादा टायर बद्द वाजला की बरं वाटायचं. पंक्चर काढेपर्यंत तासभर तरी जायचा," तो म्हणाला आणि गप्प झाला.

'आमचं फारसं नातंच नव्हतं' म्हणणारा मुलगा पहाटे चारला जागा कशाला राहील?

माणूस बाहेर जगला, तर त्याच्या आठवणीही बाहेरच असणार. म्हणून मी त्याला वडिलांच्या माणसांकडे धाडलं. युनिटमधल्या जोडीदाराने कारगिलचं सांगितलं. १९९९ मध्ये द्रासजवळचा रस्ता पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात होता, तिथून रात्री दिवे बंद करून गाड्या काढायच्या. घरी बाबा एवढंच म्हणायचे, "गाडी चालवली, दुसरं काय." जुन्या क्लीनरची तऱ्हा वेगळी. तो म्हणाला, घाटात ते कधी ओव्हरटेक मारायचे नाहीत, मागचे शिव्या घालत पुढे जायचे. आणि जेवणाच्या पैशांवरून त्यांच्याशी आपली दोनदा मारामारी झाली होती, हेही हसत सांगितलं.

त्यानंतर कुठे पट्टा निघाला. नववीत गणितात नापास झाला तेव्हा बाबांनी पट्ट्याने मारलं होतं, शेजाऱ्यांनी सोडवलं. हे सांगताना त्याची मान खाली, चहाडी करत असल्यासारखी. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हा आपला रिवाज पुष्कळदा दुःखाच्या वाटेत आडवा पडतो. राग दाबून ठेवलेल्याची माया तरी मोकळी कशी होणार? मी तर तशी झालेली पाहिलेली नाही.

वर्षश्राद्धाला तो टायरचं बोलला, द्रासचं बोलला आणि पट्ट्याचंही बोलला. आत्या तणतणत आत गेली. आई म्हणाली, "मारलं होतं खरं," आणि पंगतीकडे वळली.

रडू त्याला अजून आलेलं नाही, आणि मी ते विचारतही नाही. फौजेतून निवृत्त होताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात आईचं नाव एक आणि आधार कार्डावर दुसरं, त्यामुळे फॅमिली पेन्शन अडली आहे. त्यासाठी तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातो. तिथे बाकावर बसलेले म्हातारे फौजी विचारतात, वडील कुठे होते? आता तो सांगत बसतो, कधी कधी नंबर पुकारला तरी.