ग्रामपंचायतीची सगळी कामं एकाच ठेकेदाराला कशी मिळतात, आणि आमच्या वाडीची पाणंद आराखड्यात येऊनही दरवर्षी का राहते?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही 'सगळे मिळून खातात, दुसरं काय' असं उत्तरही देऊन टाकलं आहे, म्हणून लिहायला बसलो. मी सिंधुदुर्गात बरीच वर्षं ग्रामपंचायतीची आणि जिल्हा परिषदेची छोटी कामं घेतली. डिप्लोमा झाल्यावर सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केली, पुढे साधा ठेकेदार झालो. आता नोंदणीचं नूतनीकरण करत नाही. कुणाकडे बिल अडकलेलं नाही, त्यामुळे भीडही नाही.

खातात. तीन दरपत्रकं मागवायची असतात, तिन्ही एकाच माणसाच्या पिशवीतून निघतात आणि दोघांच्या लेटरहेडवर शुद्धलेखनाच्या चुकाही सारख्याच असतात. ई-निविदेची मर्यादा 3 लाख होती तेव्हा एकाच रस्त्याचे 'अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत' भाग 1, भाग 2, भाग 3 व्हायचे. मर्यादा वाढली तसे तुकडेही मोठे झाले. हे तुम्हाला माहीत असणारच.

पण एकच ठेकेदार दिसण्यामागे आणखी एक कारण असतं, आणि ते कुणी बोलत नाही. काम आधी स्वतःच्या खिशातून करायचं असतं. सिमेंटवाला, चिरेखाणवाला, शनिवारचा मजुरांचा पगार, हे कुणी थांबत नाही. बिल निघतं ते निधी येईल तेव्हा, सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) या दोघांच्याही डिजिटल सह्या होतील तेव्हा. दोघांचं भांडण असलं तर पुढच्या गणपतीपर्यंत. त्यातून आयकर, कामगार उपकर, रॉयल्टी, सुरक्षा ठेव कापली जाते, आणि 2022 पासून जीएसटी 18 टक्के आहे. माझ्याबरोबर नोंदणी केलेली पोरं दोन-तीन कामांतच गळली, कोण गोव्यात नोकरीला गेला, कोणी जेसीबी घेतला. वर्षभर पैसे अडकवून बसू शकतो असा एकच उरतो. मग तो गावाचा मालक असल्यासारखा वागतो, यात नवल काय?

आता पाणंदीचं, वाडीतल्या त्या वाटेचं. गावाच्या विकास आराखड्यात नाव आलं म्हणजे काम मंजूर झालं असं धरून चालू नका. आराखड्यात पैशांपेक्षा कामं नेहमीच जास्त असतात. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 2021-22 ते 2025-26 या वर्षांत 60 टक्के बंधित होते, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. म्हणून गटारं आणि कचराकुंड्या झाल्या आणि पाणंद राहिली. उरलेल्या 40 टक्क्यांवर, म्हणजे अबंधित निधीवर, गावातल्या सगळ्या वाड्यांचा डोळा. तुमची पाणंद प्राधान्यक्रमात कितवी आहे ते बघा. सगळं ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर उघडं आहे, मोबाइलवर दिसतं.

आणि तिथेच माझं म्हणणं आहे. लोक निविदेवर डोळा ठेवतात. खरा घोळ त्याच्या आधी, आराखड्यात आणि अंदाजपत्रकात होऊन गेलेला असतो. माझ्याच वाडीच्या पाणंदीचं सांगतो.

व्हाळापासून, म्हणजे ओढ्यापासून, वरच्या घरांपर्यंत पाणंद काँक्रीट करायची आणि एका बाजूला संरक्षक भिंत, असं अबंधित निधीतलं काम. टेम्पो व्हाळाच्या अलीकडे थांबतो. तिथून पुढे खडी, सिमेंट, चिरे, सगळं बायकांच्या डोक्यावरून चढणीने न्यायचं. अंदाजपत्रकात मात्र माल थेट कामावर उतरतो असं धरलेलं. ज्यांनी ते तयार केलं ते साहेब व्हाळ ओलांडून आलेच नव्हते, शिपायाला टेप देऊन वर पाठवलं होतं. डोक्यावरच्या वाहतुकीचा जादा दर धरायची सोय असते, पण तो कुणीतरी आधी मागायला लागतो. मी ग्रामसेवकांना सांगितलं तर ते म्हणाले, "आता सुधारित करायचं तर परत तांत्रिक मान्यतेला जाणार. मार्च निघून जाईल." काम परत गेलं तर वाडी मलाच बोलणार. घेतलं.

कार्यारंभ आदेश मार्चअखेरीला हातात. आपल्याकडे हे नेहमीचंच. मेमध्ये वाडीची विहीर तळाला जाते आणि नेमकं तेव्हा काँक्रीटला पाणी मारायचं असतं. मी खालून टाकीने पाणी विकत आणलं, गोणपाटं घालून भिजत ठेवली. गावोगाव दुसऱ्या पावसात उखडलेले काँक्रीट रस्ते बघून तुम्ही म्हणता सिमेंट खाल्लं. काही ठिकाणी खाल्लेलंच असतं. पण कितीतरी ठिकाणी मेमध्ये कुणी पाणी मारलेलं नसतं, आणि जूनपासून आपल्याकडे 3000 मिलिमीटर कोसळतो.

आता खरी गोष्ट. पाणंदीचा शेवटचा तुकडा माझ्या चुलतभावाच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून जातो. भिंतीसाठी थोडी जागा आत घ्यायला लागणार होती. सातबारा सामाईक. त्यावर अजून आजोबांच्या भावांची नावं, वारस नोंदी अर्धवट, हिस्सेदार भांडुप, डोंबिवली, नालासोपारा असे पसरलेले. संमतीपत्रं गोळा करता करता माझ्या फोनची बॅटरी संपली आणि आईचा जीव मेटाकुटीला आला. सगळ्यांनी दिली. दादाने नाही. दादा म्हणजे हाच चुलतभाऊ, वाडीच्या मुंबई मंडळाचा चिटणीस. त्याचं म्हणणं, "आधी आमच्या हिश्शाची वाटणी होऊंदे, मगे सही." वाटणी आजोबांच्या काळापासून व्हायची आहे.

मी त्याच्या गडग्यापर्यंत काम आणून थांबवलं. मोजमाप पुस्तिकेत तेवढीच लांबी, बिलही तेवढंच. गणपतीत सगळे चाकरमानी आलेले, आरती संपली, प्रसाद वाटला जात होता, आणि दादा सगळ्यांदेखत म्हणतो, "वाडीचे पैशे खाल्लंस ते खाल्लंस, वर काम पण अर्धा सोडलंस!" माझी मुलगी शेजारी ताट घेऊन उभी होती.

पुढे त्याने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. टाकू दे, हक्कच आहे. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, बिल, सगळ्याच्या प्रती मिळाल्या. मे महिन्यात टेप घेऊन मोजलं, लांबी जुळली. मग म्हणाला मोजमाप घेणारे तुमचेच. त्याला काय उत्तर द्यायचं?

तो अजून मंडळाच्या सभेत सांगतो की गावचा आराखडा मे महिन्यात करा, आम्ही सगळे असतो. आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते. तेव्हा चाकरमानी गौरी-गणपती करून गाडीत बसलेले असतात. जो बाराही महिने त्या पाणंदीतून चालतो त्याने ठरवायचं. मंडळाने वर्गणी द्यावी, शिक्के मारून पत्रं द्यावीत, आणि सगळ्यात आधी संमतीपत्रांवर सह्या द्याव्यात. काम संपल्यावर अर्ज टाकणारे प्रत्येक वाडीत सापडतात. अंदाजपत्रक होताना साहेबाला व्हाळापलीकडे घेऊन जाणारा मला आजवर भेटलेला नाही.

तेव्हा तुम्ही आधी बघा की पाणंद ग्रामपंचायतीच्या 23 नंबरला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, नोंदलेली आहे का. नसेल तर ठेकेदार बदलून काहीही होणार नाही. दोन्ही बाजूंच्या जमीनमालकांच्या संमती आत्ताच, गणपतीत सगळे आलेले असताना घ्या. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते कागद टेबलावर ठेवा आणि क्रमांक वर घ्यायचा ठराव मागा. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते. तेवढी झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा माणसांत गावाचा आराखडा पास होतो. तुमची वाडी त्या दुसऱ्या सभेला गेली तरी चालेल, बाकीचे तेव्हा घरीच असतात. हजेरीच्या वहीत सही मात्र सभेत शिरतानाच करू नका. इतिवृत्त नंतर लिहिलं जातं आणि तुमची सही त्याखाली जाते. विषय मांडून, ठराव वाचून घ्या, मग करा.

ठेकेदार एकच का, याचा पुरावा हवा असेल तर दरपत्रकांच्या प्रती मागा. अक्षर बघा, तारखा बघा.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं छोट्या ग्रामपंचायतीचं आहे. तुमचं गाव नगरपंचायतीत गेलं असेल तर निधी आणि मान्यतेचे रस्ते वेगळे. आणि तुमचा ठेकेदार खरोखर चोर असूही शकतो, मी त्याची वकिली करत नाही. आमच्या पाणंदीचा तो तुकडा मातीचाच आहे. संमतीपत्राचा मसुदा मी टाइप करून ठेवलेला आहे, दादाने सही केली तर पुढच्या आराखड्यात तो घालायला मी स्वतः ग्रामसभेत उभा राहीन. काम मात्र दुसऱ्या कुणी घ्यावं.